वार्धक्य : अभ्यासाचा आणि कार्याचा विषय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



 या मालेत यापूर्वी संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, नाट्यसंगीतावर झाले, तंजावरच्या मराठी हस्तलिखितांवरही झाले. त्यानंतर वार्धक्यशास्त्रासारखा रुक्ष विषय मी निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, उत्सवाच्या वर्षात म्हातारपणाची आठवण कशाला?" मला वाटते, ती आठवण करण्यास याहून योग्य वर्ष नाही. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी, तिशीच्या उमेदीत, या परमुलखात मंडळ स्थापन केले आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू स्वतःच्या खांद्यावरून आणले, त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे. त्यांपैकी काही जण माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसले आहेत. काही जण, या सभागृहाच्या बारा पायऱ्या आता चढवत नाहीत म्हणून, आलेले नाहीत.

विषय निवडण्याचे दुसरे कारण असे की, दिवाळीच्या फराळाच्या वेळी बारावीत शिकणाऱ्या आपल्यापैकीच एका मुलीने मला विचारले, "काका, म्हाताऱ्या माणसांविषयीचे शास्त्र शिकायचे असेल तर ते कुठे शिकवतात? आणि त्यात पोट भरते का?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र मला देता आले नाही. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि आता निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेला माणूस आहे. तिला उत्तर देता यावे म्हणून जे वाचले आणि जाणकारांना जे विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

परंतु शास्त्राकडे वळण्यापूर्वी एक घरगुती हकिकत सांगितली पाहिजे. कारण या विषयाची निकड मला पुस्तकातून नव्हे, तर तिच्यामुळे कळली.

वडील गेल्यावर आईला मी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून येथे आणले. त्या वेळी ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. काही महिन्यांनी ती सुस्त राहू लागली, बोलताना तिचे धागे तुटू लागले, एक-दोनदा चालताना तोल गेला. "वय झाले," असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घातली. पुढे त्रास वाढला तेव्हा तिला एका रुग्णालयात नेले. डॉक्टर तरुण आणि सौजन्यशील होते. पण त्यांना तमिळ आणि इंग्रजी येत होते, आणि आईला मराठीखेरीज काहीच येत नव्हते. मध्ये मी दुभाष्या. समोर छापील प्रश्नावली होती : आजची तारीख काय? आपण कितव्या मजल्यावर आहोत? शंभरातून सात वजा करीत चला. तारीख विचारताच आई म्हणाली, "माघ वद्य द्वादशी. काल एकादशी नव्हती का?" मी भाषांतर केले. डॉक्टर क्षणभर थांबले आणि त्या रकान्यात त्यांनी शून्य मांडले. घरी आल्यावर मी भिंतीवरचे कालनिर्णय पाहिले. तिथी बरोबर होती.

निदान स्मृतिभ्रंशाचे झाले, आणि ते आम्ही मुकाट्याने मान्य केले. त्यानंतरचे सहा आठवडे, तिला काही कळत नाही असे धरून आम्ही तिच्याशी वागलो. तिच्यादेखत तिच्याविषयी बोललो. तिच्या पेटीची किल्ली काढून घेतली. स्वयंपाकघरात येऊ देईनासे झालो. अखेर एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून वृद्धांच्या आजारांचे खास शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सर्वप्रथम, तिची सगळी औषधे पिशवीतून काढून टेबलावर मांडावयास सांगितली. गावच्या डॉक्टरांची, येथल्या डॉक्टरांची आणि दुकानातून परस्पर आणलेली मिळून नऊ तऱ्हेची औषधे निघाली. त्यांत लघवी वाढविणारे एकच औषध दोन निराळ्या नावांनी पोटात जात होते. रक्त तपासले, तेव्हा सोडियम बरेच उतरलेले आढळले. शिवाय दोन्ही कानांत मळ साचून ऐकूच कमी येत होते. औषधे बदलली, कान साफ झाले, आणि महिन्याभरात आई पुन्हा सकाळी उठून देवाची भांडी घासू लागली. पुढे ती चार वर्षे आमच्यात होती, आणि शेवटच्या आजारापर्यंत शुद्धीत होती.

त्या सहा आठवड्यांचे शल्य मला अजून आहे. आमच्या घरी मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची. वडीलधाऱ्यांची सेवा हा आपल्याकडे धर्म मानला गेला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु सेवा ही शिकण्याची गोष्ट आहे, हे आपण अद्याप पुरते मानलेले नाही. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

आता शास्त्राविषयी. वृद्धत्वाचा विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जराचिकित्सेला, म्हणजे रसायनतंत्राला, स्वतंत्र स्थान आहे. आधुनिक काळात या अभ्यासाला 'जेरॉन्टॉलॉजी' हे नाव १९०३ साली एली मेचनिकॉफ यांनी दिले. मूळचे रशियन साम्राज्यातील हे शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असत, आणि १९०८ साली त्यांना पाउल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या नावातील ग्रीक 'गेरॉन' म्हणजे वृद्ध, आणि आपला 'जरा' हा शब्द, हे दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. पुढे १९०९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर इग्नाट्झ नॅशर यांनी वृद्धांच्या वैद्यकासाठी 'जेरिॲट्रिक्स' हा निराळा शब्द योजला. बालरोगांचे जसे वेगळे शास्त्र झाले, तसे वृद्धांच्या रोगांचे व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

हे दोन शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. वृद्धचिकित्सा ही वार्धक्यशास्त्राची एक शाखा झाली. पेशी का झिजतात, हा जीवशास्त्राचा प्रश्न. स्मृती का मंदावते, हा मानसशास्त्राचा. आणि पेन्शन पुरते का, घरात वृद्धाचा शब्द चालतो का, विधवेच्या नावावर घर आहे का, हे समाजशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे प्रश्न. हे सर्व मिळून वार्धक्यशास्त्र होते.

चिकित्सेच्या शाखेचा पाया कसा घातला गेला, ते पाहण्यासारखे आहे. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निराधारगृहातील रुग्णालय आले. तेथे ७१४ रुग्ण होते. बहुतेक वृद्ध आणि वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जोरी वॉरेन या बाईंवर पडली. त्यांनी एकेका रुग्णाला नीट तपासले, वर्गवारी केली, अंथरुणातून उठवून चालण्याचा सराव देवविला. ज्यांच्या आयुष्याचे काही उरले नाही असे समजले गेले होते, त्यांतील कितीतरी जण पुन्हा हिंडूफिरू लागले, कित्येक घरी गेले. त्यांच्यापाशी कोणतेही चमत्कारी औषध नव्हते. "वय झाले" हे निदान नव्हे, एवढे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देशाची स्थिती काय आहे? २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. केरळात हे प्रमाण १२.६, गोव्यात ११.२, तमिळनाडूत १०.४ आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानुसार २०३६ साली ही संख्या २२ कोटींच्या पुढे जाईल आणि दर शंभरांत पंधरा जण साठीपुढचे असतील. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. ही वर्षे आपण मिळविली, याचा अभिमान बाळगावा. ती कशी घालवावयाची, याची तयारी मात्र मागे पडली आहे.

संशोधनात आपला देश अगदीच मागे होता असे नव्हे. काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एम. एस. कानुनगो यांनी वृद्धत्वाच्या रसायनशास्त्राचा आयुष्यभर ध्यास घेतला. वयाबरोबर जनुकांच्या कार्यात बदल होतात आणि त्यांतून शरीराची झीज होते, या अंगाने त्यांनी मांडणी केली. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला, आणि २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठात प्रा. पी. व्ही. राममूर्ती यांनी वृद्धांच्या मानसशास्त्राचा अभ्यास रुजविला. पुण्यात डॉ. शरच्चंद्र गोखले यांच्या पुढाकाराने २००३ साली इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटरची भारतीय शाखा उभी राहिली. आणि मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तिचे संक्षिप्त नाव 'लासी'. त्याच माणसांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जाऊन त्यांचे आरोग्य, उत्पन्न, कुटुंब यांची नोंद ठेवावयाची, अशी ही दीर्घकालीन योजना आहे.

या पाहणीच्या आधाराने स्मृतिभ्रंशाचाही अभ्यास झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशातील सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. शंभरांत सात-साडेसात जण. म्हणजे हा रोग खराच आहे आणि मोठा आहे. माझ्या आईला तो नव्हता, म्हणून कोणालाच नसतो असा कोणी अर्थ काढू नये. रोग कोठे आहे आणि कोठे नाही हे अचूक ओळखणे, हेच तर शास्त्राचे काम. त्यासाठी प्रश्न माणसाच्या भाषेत आणि त्याच्या जगातले असावे लागतात. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात संशोधकांना हीच अडचण आली; पाश्चात्त्य प्रश्नावली निरक्षर शेतकऱ्याला लावता येईना. तेव्हा त्यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसालाही विचारता येतील असे प्रश्न हिंदीत नव्याने बेतले, आणि ती प्रश्नावली पुढे पुष्कळ वापरली गेली. हे वाचताना मला माघ वद्य द्वादशी आठवल्यावाचून राहिली नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. कुठे शिकवतात? याचे पहिले उत्तर, आपल्याच दाराशी. चेन्नईच्या शासकीय सामान्य रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली वृद्धचिकित्सेचा एम. डी. अभ्यासक्रम निघाला, तो देशातील पहिला. नटराजन यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली गिंडीला खास वृद्धांसाठी २०० खाटांचे राष्ट्रीय केंद्रही उघडले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा वेगळा विभाग आहे. एम. बी. बी. एस. झालेल्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पदविका अभ्यासक्रम काढला. वैद्यकाबाहेरच्या पदवीधरांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय समाजसंरक्षण संस्थेने वृद्धसेवेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आणि अल्पमुदतीचे प्रमाणपत्र-वर्ग चालविले आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. बारावीनंतर थेट वार्धक्यशास्त्राची पदवी घेण्याची सोय आपल्याकडे रुळलेली नाही. आधी एखादा मूळ विषय पक्का करावा लागतो. वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार, मानसशास्त्र, समाजकार्य, आहारशास्त्र, जीवशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र. मग त्यावर हे विशेष शिक्षण चढवावयाचे. वास्तुशास्त्रज्ञही यात येतो, कारण पायऱ्या आणि न्हाणीघरे तोच आखतो. वकील येतो, कारण २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाचे दावे ऐकण्यासाठी न्यायाधिकरणे स्थापन झाली आहेत.

आणि कार्यालयातील लेखनिकही यात येतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. माझ्या सेवेचा बराच काळ निवृत्तिवेतनाच्या कागदांत गेला. दर वर्षी नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटांच्या ठशांवरून संगणकाद्वारे देण्याची सोय झाली. सोय उत्तम, पण वयाने आणि कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात, हे यंत्राला ठाऊक नसते. एक वृद्ध गृहस्थ तीनदा अंगठा टेकवून, माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, मी जिवंत आहे हे यंत्र मानत नाही, तुम्ही तरी मानता ना?" पुढे डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या ओळखीची सोय आली, ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा मिळाली. ऐंशीनंतर पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ मिळते, आणि वयाबरोबर ती वाढत जाते. या सुधारणा आपोआप झाल्या नाहीत. वृद्ध शरीर कसे असते आणि त्याचा खर्च कसा वाढतो, याचा विचार कोणीतरी केला म्हणून झाल्या.

पोट भरते का? मी गोड बोलून फसविणार नाही. डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ यांना काम कमी पडणार नाही. घरी येऊन सेवा देणाऱ्यांची मागणी तर मोठ्या शहरांत डोळ्यांदेखत वाढत आहे. संशोधनाच्या जागा थोड्या आहेत, तेथे चिकाटी हवी. आणि ज्या बाया-माणसे दिवसरात्र वृद्धाच्या उशाशी बसतात, त्यांचा पगार त्यांच्या कष्टांच्या मानाने फारच कमी आहे. त्यांना शिक्षणही नाही आणि मानही नाही. घरातली सून किंवा लेक हे काम करते, तेव्हा तर त्याची मोजदादच होत नाही. आमच्या घरी आईला न्हाऊ घालण्याचे काम मी एकदाही केले नाही; ते माझ्या पत्नीने केले. म्हणून मुलींनो, हे काम तुमच्या वाट्याला नुसते येऊ देऊ नका. ते विद्या म्हणून शिका, तिचा मोबदला मागा. आणि मुलांनो, तुम्हीही शिका.

आता मंडळाकडे माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली, सुवर्णमहोत्सवी निधीतून दर वर्षी एका विद्यार्थ्याला वृद्धसेवेशी निगडित शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. रक्कम लहान असली तरी चालेल. हे शिक्षण मानाचे आहे, एवढे त्यातून सांगितले जाईल.

दुसरी, सोबत्यांची एक यादी करावी. आपली येथे वाढलेली मुले घडाघडा तमिळ बोलतात आणि मराठी अडखळत, याबद्दल आपण नेहमी हळहळतो. पण रुग्णालयात आजीच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये उभे राहण्यास तीच योग्य आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस दिला, तर कोणाच्याही तिथीला शून्य मिळणार नाही. आजीचे बोलणे समजून घेता घेता त्यांचे मराठीही सुधारेल.

तिसरी, प्रत्येक वृद्ध सभासदाच्या घरी एक कागद असावा : चालू औषधांची नावे, ऐकू किती येते, चष्मा कोणता, भाषा कोणती, आणि प्रकृती चांगली असताना ही व्यक्ती रोज काय काय करीत असे. डॉक्टरांना तुलनेसाठी याहून उपयोगी काही नसते. ज्यांचे आई-वडील कोल्हापूर, नागपूर वा रत्नागिरीला एकटे राहतात, त्यांनी पुढच्या सुट्टीत गेल्यावर सर्वांत आधी हा कागद लिहून घ्यावा. मदतीसाठी १४५६७ हा देशभरचा क्रमांकही त्यावर असू द्यावा.

चौथी विनंती फारच लहान आहे. या सभागृहाच्या पायऱ्यांना कठडा बसवावा. समारंभाच्या रोषणाईपेक्षा त्याला खर्च कमी येईल, आणि पुढच्या गणपतीला पहिली रांग पूर्ण भरलेली दिसेल.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला ती आज येथे आहे. तिला मी एवढेच सांगेन : बाळ, या विषयात पुस्तके आहेत, संस्था आहेत, काम तर अपार आहे. मात्र समोरची वृद्ध बाई एखाद्या प्रश्नाचे वेगळेच उत्तर देईल, तेव्हा शून्य मांडण्यापूर्वी एकदा भिंतीवरचे कालनिर्णय पाहत जा.